शिव्यांच्या वहीतला चौथा रकाना

ताज्या बांगड्याचा डोळा बाहेर आलेला असतो. शिळ्याचा आत जातो.

*

लंडनच्या जुन्या तटाला थेम्स नदीच्या बाजूने एक दार होतं. ते कोणा बिलिंग नावाच्या माणसाचं असावं म्हणतात. तो बिलिंग कोण, हे कोणालाच सांगता येत नाही.

*

फटकी म्हणजे पटकी. म्हणजे कॉलरा.

*

शाळेत नाव घालायला आम्ही गेलो तेव्हा आईने माझं नाव सांगितलंच नाही. मास्तरांनी दोनदा विचारलं. ती जमिनीकडे बघत राहिली. शेवटी त्यांनी आपल्या मनाने 'कुमुद' लिहून टाकलं.

*

चालत्या एस.टी.च्या पत्र्यावर बाहेरून कोणी थापा मारल्या, तर आत बसलेल्याला त्या पाठीत बसल्यासारख्या वाटतात.

*

A ला आम्हांला सात महिने लागले.

"B ला जास्त लागणार," नेर्लेकर सर म्हणाले. "B मध्ये बडबड फार आहे."

मार्च १९८६. कोल्हापुरात एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत इंग्रजी-मराठी कोशाचं काम चालायचं. सर कॉलेजातून इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. मी चोवीस वर्षांची, माझी पहिली नोकरी. सर पेन्सिलीने कार्ड लिहायचे, मी ते मोठ्याने वाचायचे, दोन इंग्रजी कोशांशी ताडून बघायचे आणि उजव्या कोपऱ्यात सही करायचे. दोन सह्या झाल्या की कार्ड खाली छापखान्यात. त्यानंतर ते कोणाच्या हातात राहायचं नाही.

"ऐका, मोंडकरबाई, गंमत ऐका," सर म्हणाले. त्यांना शब्दाची गोष्ट सापडली की ते चहा गार होऊ देत. "बिलिंग्जगेट. आधी नुसतं दार. मग त्या दाराशी धक्का झाला. धक्क्यावर मासळीबाजार भरायला लागला. बाजारात मासे विकणाऱ्या बायका आल्या. त्या बायकांची तोंडं अशी की तीनेकशे वर्षांपूर्वी लोक म्हणायला लागले, अमका बिलिंग्जगेट बोलतो. म्हणजे शिवराळ बोलतो. बघा, दार गेलं, बिलिंग गेला, राहिल्या फक्त शिव्या!"

मी हसले.

"आणि आपल्याला प्रतिशब्द शोधावाच लागत नाही. आपण नाही का म्हणत, वर्गाचा मासळीबाजार केलाय?" त्यांनी कार्ड पुढे ओढलं आणि वळणदार अक्षरांत लिहिलं.

*Billingsgate. ना. कोळणीची भाषा, घाणेरडी शिवीगाळ.*

"तुम्ही मालवणच्या ना?"

"हो सर."

"मग तुम्हांला काय सांगायचं. मी एकदा गेलो होतो त्या बंदरावर. कानात बोटं घालावी लागतात हो!"

मी पुन्हा हसले. आधीचं हसणं शब्दाच्या गोष्टीला होतं. हे कशाला होतं ते मला तेव्हाच कळलं होतं.

"एक करा. उद्यापासून तुम्ही रजेवर. घरी जाताच आहात तर बाजारात चक्कर टाका आणि थोडे नमुने टिपून आणा. अस्सल. कोशात उदाहरण अस्सल हवं." कार्ड त्यांनी माझ्याकडे सरकवलं. "सही परत आल्यावर करा. नमुन्यांसकट."

मी कार्डावरचा मजकूर नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला. खाली तीन रकाने आखले: शब्द, अर्थ, शेरा.

माझी आई मालवणच्या बंदरावर मासे विकते, हे सरांना माहीत नव्हतं. नोकरीच्या अर्जात 'पालकांचा व्यवसाय' या ओळीपुढे मी 'व्यापार' असं लिहिलं होतं.

*

"इलंस गो मेले? वाळान काडी झालंस! थंय काय उपाशी ठेवतत तुका?"

हे आईचं स्वागत. समोर पाटी, पाटीत बांगडे, मांडीखाली आडाळा, म्हणजे आमच्याकडची विळी. तिने उठून मला जवळ घेतलं नाही. हाताला खवले होते. कोपराने माझा गाल ढकलला.

मला ती जन्मापासून 'मेले' अशीच हाक मारायची. म्हणजे मेलेली. लाडात मेले, रागात मेले, तापात कपाळावर पट्टी ठेवताना मेले. गावात मला सगळे कुमुद म्हणायचे. आईच्या तोंडून ते नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं, आणि त्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलंही नव्हतं.

मी तिच्या मागे पालथ्या टोपलीवर बसले आणि वही उघडली.

एक गिऱ्हाईक आलं, शर्टाच्या खिशाला पेन लावलेलं. त्याने एक बांगडा उचलला, दाबला, ठेवला, दुसरा उचलला, दाबला.

"हात लावन लावन शिजवतंस काय रे तो, मेल्या?" आई म्हणाली.

तो हसला आणि चार घेऊन गेला. मी लिहून घेतलं.

"काय लिवतंस गो?"

"ऑफिसचा काम."

"रजेर येवन काम? तुझ्या सायबाक फटकी येवंदे!"

मी तेही लिहून घेतलं.

शेजारी रोझलीन बसायची. आईएवढीच, झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, गालात कायम तंबाखू. दोघींचं तीस वर्षं रोज भांडण आणि तीस वर्षं एकच डबा. ती वाकून माझ्या वहीत बघत म्हणाली, "भागी, ह्या तुझा बोलणा लिवता गो!"

आईने मान वळवली. लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं, की आम्ही मोठं पुस्तक करतोय, इंग्रजी शब्दांचं. त्यात आपल्याकडचं बोलणंही लागतं.

"माझा बोलणा पुस्तकात येतला?"

"येतला."

आईने ओले हात पदराला पुसले, पदर नीट केला, जणू कोणी फोटो काढणार आहे. आणि तिथून पुढे तासभर बंदरावर जे झालं, ते मला लिहून पुरेना.

"गो शेवंत्या, हंय ये! माझ्या तोंडचा इंग्रजी पुस्तकात जाता! तुझा काय आसा ता सांग!"

बायका येत, सांगत, हसत, एकमेकींचं दुरुस्त करत. एकीने सासूची शिवी सांगितली आणि सांगताना तिचे डोळे भरून आले. सासू जाऊन दोन वर्षं झाली होती. एक म्हातारी नुसतीच येऊन उभी राहिली. तिला एकही आठवेना. "राग इल्याबगर कशी आठवतली?" ती म्हणाली. मग रोझलीनने तिचा पाय मुद्दाम तुडवला. तिला लगेच चार आठवल्या.

आई मात्र वहीच्या पानाकडे बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण रकाने कळत होते.

"ह्या काय?"

"शब्द."

"ह्या?"

"त्याचो अर्थ."

"आणि कोणाक म्हटला, ता खंय लिवलंस?"

"ता नाय लिवत, आई. नुसती शिवी लिवची."

"नुसती?" तिने रोझलीनकडे पाहिलं. माझ्या शिक्षणावर दोघींनाही शंका आली असावी. "नुसती शिवी खंय असता गो? ती कोणाकतरी असता. मांजराक फटकी म्हटला ता येगळा, मोटरवाल्याक म्हटला ता येगळा. वाचणाऱ्याक कळतला कसा?"

मी चौथा रकाना आखला. वर तिचाच शब्द लिहिला: कोणाक. ती वही अजून माझ्याकडे आहे. ते पान असं:

*मेल्या.* मेलेला, मृत. *कोणाक:* मासा चिवडून न घेता जाणाऱ्याला. चिवडून घेणाऱ्यालाही.

*फटकी येवंदे.* पटकी होवो. *कोणाक:* मांजराला. दुपारच्या वाऱ्याला. माझ्या साहेबांना.

*तुझा मढा बशवलंय.* तुझं प्रेत मांडलं. *कोणाक:* रोझलीनला, तंबाखू संपली असं खोटं सांगते तेव्हा.

*जळला मेला ता तोंड.* तोंड जळो. *कोणाक:* स्वतःला. नको ते बोलून गेल्यावर.

*मेले.* मेलेली.

पाचव्या ओळीचा चौथा रकाना मी भरायला घेतला तेव्हा आईने ओला हात वहीवर ठेवला.

"ता नको लिवू."

"कित्या?"

"ता तुका आसा. पुस्तकाक नाय."

तिच्या बोटांचा ओलावा त्या ओळीवर राहिला. तिथली शाई अजून फुटलेली आहे.

*

बाजार उठला. आई पाटी धुवायला पाण्यात उतरली. मी आडाळा पुसत होते. रोझलीनने टोपलीवर ठेवलेली वही उचलली.

ती चर्चच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकलेली. त्याचा तिला अभिमान होता. देवळाच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, लग्नपत्रिका, जे दिसेल ते ती मोठ्याने वाचायची. तिने वही पहिल्या पानापासून उघडली.

"इंग्रजीत आसा… गेट. गेट म्हणजे दार!"

"माझा बोलणा दारात ठेवतले काय?" आई पाण्यातून म्हणाली.

मी घाईने लंडन सांगायला लागले. नदी, धक्का, बाजार.

"लंडनाकय मासे इकणाऱ्यो बायलो?" आई खूश झाली. "पाटी डोक्यार?"

"डोक्यार."

"बघ! आणि त्योय बोलत हत्यो?"

"बोलत हत्यो."

"कोणाक?"

मला माहीत नव्हतं. दोन्ही इंग्रजी कोशांत ते नव्हतं. मी वही घ्यायला हात पुढे केला, पण रोझलीनचं बोट खालच्या ओळीवर पोचलं होतं. ती तिसरीतल्या मुलीसारखी अक्षर अक्षर जोडत वाचत होती.

"को-ळ-णी-ची… भा-षा. घा-णे-र-डी…"

ती थांबली. तिने तंबाखू थुंकली. वही मिटली आणि टोपलीवर अलगद ठेवली, तान्हं मूल ठेवतात तशी.

"कोळणीची?" आई आधी हसलीच. "आमी खंयच्यो कोळणी? आमी गाबतीणी. तुझ्या सायबाक इतक्याय म्हायत नाय?"

मग उरलेला शब्द तिच्यापर्यंत पोचला. ती पाण्यात तशीच उभी राहिली. पाटी हातात, पाटीतून पाणी गळतंय.

"सायबान लिवलान ह्या?"

"होय."

"तू काय सांगलंस तेका?"

"काय नाय."

"तेका म्हायत आसा, तू कोणाचा चेडू ता?"

मी आडाळ्याचं पातं पुसत राहिले. ते कधीच कोरडं झालं होतं.

"नाय."

"बरा," आई म्हणाली.

रोझलीन पुटपुटली, "तिसरी पास म्हणान माझा मढा बशवलंय." तिला वाटत होतं चूक तिची आहे.

*

संध्याकाळी घरी आईने भात वाढला.

"जेवून घे. गरम आहे."

मी वर बघितलं. आमच्या घरात 'आहे' म्हणणारं कोणी नव्हतं. भात गरम आसा, आमटी तिखट आसा, आई दमलेली आसा.

"अजून घेतेस का?"

ती असं बोलत होती, जसं तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरशी बोलायची. एकेक शब्द आधी तोंडात बघून, मग बाहेर. दिवसभरात किती वेळा ती मला 'मेले' म्हणाली होती ते वहीत शोधता आलं असतं. दुपारपासून एकदाही नाही.

"आई, मी सायबाक सांगतलंय. गेल्याबरोबर."

"काय सांगणार?"

"तू कोण ता."

"कशाला?" तिने माझ्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा ठेवला. "चांगली नोकरी आहे तुझी. खुर्चीवरची आहे. त्यांना कशाला सांगायचं?" मग म्हणाली, "कधी तुझ्या ऑफिसात यायची पाळी आली ना, तर मी अशीच बोलेन. येतं मला. घाबरू नको."

तिने माझ्याकडे बघितलं. शाबासकी हवी होती तिला.

मी म्हणाले, "नको गो अशी बोलू."

"चुकलं काय कुठे?"

"नाय. चुकला नाय."

"मग?"

आम्ही जेवलो. भांडी तिने घासली, मी विसळली. झोपताना ती रोज म्हणायची, "मसणात गेला ता काम, नीज आता." त्या दिवशी म्हणाली, "झोप."

*

कोल्हापूरची गाडी सकाळी सातला सुटायची. आई पाटी घेऊनच स्टँडवर आली. मला बसवून ती तशीच बंदरावर जाणार होती. मला खिडकीची जागा मिळाली. ती खाली उभी राहिली. खिडकी उंच, तिला मान वर करावी लागत होती.

कंडक्टरने घंटी मारली. ड्रायव्हरने गाडी चालू केली. सगळा पत्रा थरथरायला लागला.

आईने आधी ओठ ओले केले. मग म्हणाली:

"कुमुद, सांभाळून जा."

चोवीस वर्षांत पहिल्यांदा. शब्द अगदी स्वच्छ आला. मास्तरांच्या तोंडून यायचा तसाच. वाटलं, ही दुसऱ्याच कोणाच्या मुलीशी बोलतेय आणि ती मुलगी माझ्यामागच्या सीटवर बसलीय.

मी हात हलवला. गाडी हलली. आणि तेवढ्यात मी आईचा चेहरा बघितला.

तिने हात तोंडावर दाबला होता. डोळे मोठे झाले होते. असं भ्यायलेलं मी तिला एकदाच पाहिलं होतं, बाबांची होडी दोन दिवस परतली नव्हती तेव्हा. ती काहीतरी परत घ्यायला बघत होती, आणि ते तिच्या हाताबाहेर गाडीबरोबर निघालं होतं.

गाडी फाटकातून वळली. माझ्या मागे पत्र्यावर धाडधाड थापा बसल्या.

"मेले! गो मेले!"

मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले. आई धावत होती. पाटी कुठेतरी टाकून दिली होती. कासोटा घातलेला असल्याने ती धावू शकत होती, पण पन्नाशी उलटली होती, तोंड लाल झालं होतं.

"मेले! मसणात जा! फटकी येवंदे तुका! आयकतंस?"

"आयकतंय!"

"तुझा मढा बशवलंय! तिरडी बांधलंय तुझी! आयकलंस गो?"

"आयकलंय, आई!"

"काय आयकलंस?"

गाडीतली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. पुढच्या सीटवरच्या एका बाईंनी आपल्या मुलीच्या कानांवर हात ठेवले.

"मेलंय गो!" मी ओरडले. "मेलंय मी, आई! मेलंय!"

आई थांबली. कमरेवर हात ठेवून ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. छाती वर-खाली होत होती. तिचा चेहरा सैल झाला. तिने एकदा मान हलवली, मासळी नेणाऱ्या मोटरवाल्याशी भाव ठरला की हलवायची तशी. मग वळली आणि पाटी शोधायला गेली.

कंडक्टर तिकिटाची पेटी सावरत माझ्याजवळ आला.

"घरातसून भांडान इलंस काय गो? कोण ती बायल, इतक्यो शिव्यो घालता?"

"आवस माझी."

"आवस?" त्याने मागे वळून रस्त्याकडे बघितलं. तिथे आता कोणी नव्हतं. "मगे बरा," तो म्हणाला आणि कोल्हापूरचं तिकीट फाडून माझ्या हातात दिलं.

फोंडाघाट चढेपर्यंत मी रडत होते. पुढच्या सीटवरची ती मुलगी आईचे हात बाजूला करून माझ्याकडे बघत होती. तिने मला एक लिमलेटची गोळी दिली.

*

दुसऱ्या दिवशी सर माझ्याआधी आले होते.

"आणलेत नमुने?"

मी वही दिली. ते वाचत गेले. 'हात लावन लावन शिजवतंस काय' ला ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. 'माझ्या साहेबांना' इथे ते थांबले.

"म्हणजे मला?"

"हो सर."

"पटकी?"

"हो सर. रजेत काम दिलंत म्हणून."

"बरोबर आहे." त्यांनी पुढचं पान उलटलं, परत मागे आले. "अहो, हा चौथा रकाना! चाळीस वर्षं कोश चाळतोय मी. हा रकाना कुठेच नाही. कोणाची कल्पना?"

"जिचं बोलणं आहे तिचीच."

"कोण ही बाई?"

खाली छापखान्यात यंत्र चालू होतं. टेबलावरच्या कपातला चहा हलत होता.

"माझी आई, सर. मालवणच्या बंदरावर मासे विकते. आम्ही कोळी नाही, गाबीत."

सरांनी वही खाली ठेवली. मग म्हणाले, "त्या दिवशी मी कानात बोटं वगैरे म्हणालो, तेव्हा तुम्ही हसलात."

"हसले."

"बोलायचं होतंत हो."

"हो. बोलायला हवं होतं."

"आणि मीही…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. ड्रॉवर उघडून खोडरबर काढला, कार्ड समोर घेतलं आणि 'कोळणीची भाषा' खोडायला लागले. पेन्सिल जोरात टेकवायची त्यांची सवय. अक्षरं निघेनात. ते घासत राहिले. 'णी'च्या जागी कागद फाटला.

"नवीन कार्ड द्या," ते म्हणाले.

मी दिलं. त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"तुम्ही लिहा."

*Billingsgate. ना. शिवराळ बोलणं. [लंडनमधील एका जुन्या मासळीबाजाराच्या नावावरून. तिथल्या बायका कोणाला काय म्हणत, याची नोंद मिळत नाही.]*

सरांनी वाचलं. "शेवटचं वाक्य कोशाच्या शिस्तीत बसत नाही."

"हो सर."

"राहू दे." त्यांनी सही केली. मग वहीतल्या त्या पानाकडे बोट दाखवलं. "ही पाचवी ओळ. 'मेले'. हिचा शेवटचा रकाना रिकामा का?"

"ती पुस्तकाला नाही, सर."

त्यांनी वही मिटून मला परत दिली. मी उजव्या कोपऱ्यात सही केली. कार्ड खाली गेलं.

*

माझ्याआधी आईला तीन मुलं झाली होती: दत्ताराम, सुमन आणि मोहन. तिघंही दोन वर्षांची व्हायच्या आत गेली. त्यांना ती नावानेच हाक मारायची.